गच्चीवरचा टब आणि आमच्या स्लॅबचं पोट

गच्चीवर गरम पाण्याचा टब ठेवणं सुरक्षित आहे का, यावर आमच्या घरात दोन महिने खल चालला. उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते सांगायचं तर वीस-बावीस वर्षं जपलेलं एक खोटं मोडावं लागणार होतं, म्हणून मी गप्प बसलो.

आमचं घर ओझरच्या रस्त्याला. मुलानं दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला काढल्या आहेत. पुण्या-मुंबईची मंडळी गणपतीचं दर्शन घेऊन मुक्कामाला येतात, सकाळी भीमाशंकरकडे निघतात. मुलाचं म्हणणं, या लोकांना डोंगर बघत गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचं असतं.

"देवाला आल्याली माणसं गच्चीवर उघडी बसणार?" बायको म्हणाली. "आन् मी पापड कुठं वाळवू?"

"स्लॅबला टब पेलंल का, ते बोल," मी मुलाला म्हणालो.

"वर हजार लिटरची टाकी हाय की, दादा. तिनं काय झालं?"

टाकी जिन्याच्या डोक्यावर आहे, खाली चार कॉलम आहेत. टब बसणार होता हॉलच्या बरोबर मधोमध. त्यातही हजार लिटर पाणी, म्हणजे एक टन. त्यात टब, त्यात जेवून आलेली सहा माणसं. जुन्नरहून एक इंजिनिअर बोलावला. त्यानं घराचा नकाशा मागितला. तो मी काठीनं मातीत काढला होता आणि त्याच्यावरच घर बांधलं होतं. स्लॅबच्या आत काय आहे ते कळल्याशिवाय हो म्हणणार नाही, असं सांगून तो चहा पिऊन गेला.

मग मुलानं स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. उन्हाळी कांदा निघाला होता. भरलेल्या टबाच्या वजनाइतक्या कांद्याच्या गोण्या टबाच्या जागी गोल रचायच्या. दोन दिवस स्लॅब टिकला तर टब आणायचा. मदतीला जावई आले, त्यांच्याबरोबर व्याहीही आले. व्याह्यांचं वय सत्तरीच्या पुढे, त्यांना गोणी उचलवेना. पण टबात माणसंही असणार, त्यांचं वजन कोण धरणार, म्हणून ते गोण्यांच्या मधोमध जाऊन बसले.

"लई ऐसपैस हाय, राव," ते वरून म्हणाले. "पाणी तेवढं सोडा."

मी हॉलमध्ये उभा राहून छताकडे बघत होतो. आमच्या स्लॅबला पोट आहे. मधे तो दोन बोटं खाली आलाय. कारण विचाराल तर गावातलं कुणीही सांगेल: मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. गावाला हे मीच सांगितलं होतं.

खरं असं. स्लॅब ओतून झाला आणि मिस्त्री त्याच्या गावच्या यात्रेला गेला. जाताना बजावून गेला, तीन आठवडे टेकूंना हात लावायचा नाही. आठवड्यातच निरोप आला, मुलीच्या सुपारीला पावणं येतायत. हॉलमध्ये बांबूंचं नुसतं रान होतं, ओणवं होऊन हिंडावं लागायचं. व्याही काय टेकूला धरून बसणार? मी मधले सगळे टेकू काढले. स्लॅब काही बोलला नाही, नुसता खाली आला. पावणं चहा पीत असताना मिस्त्री यात्रेचा प्रसाद घेऊन दारात आला, त्यानं वर बघितलं. तो तोंड उघडणार एवढ्यात मी ओरडलो, "सिमेंट खाल्लंस ना माझं?" त्यानं पावण्यांकडे बघितलं, प्रसाद कट्ट्यावर ठेवला आणि गेला. सोयरीक जमली. मिस्त्रीला मात्र पुन्हा कुणी स्लॅबचं काम दिलं नाही.

त्या हॉलमध्ये आता पाहुण्यांची पोरं खेळतात. मी जिना चढून वर गेलो.

"उतरा खाली. टेकू मी काढलं व्हतं. मिस्त्रीची काय चूक न्हाई."

मुलानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "दादा, टब नको आसंल तर सरळ सांगा. त्याचं पाप कशाला अंगावर घेता?"

व्याही गोणीतला एक कांदा काढून सोलत राहिले.

मी मिस्त्रीला फोन केला. लोणीकडे त्याचं कोंबड्यांच्या शेडचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवरून आला. केस सगळे पांढरे. त्याला गच्चीवर नेलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सांग यांना, टेकू कुणी काढलं?"

त्यानं गोण्यांकडे बघितलं, गोण्यांत बसलेल्या व्याह्यांकडे बघितलं, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"चूक माजीच व्हती, मालक."

"आरं, खोटं का बोलतोस? मी काढलं."

"न्हाई. माल कमी पडला व्हता."

आम्ही दोघं भरदुपारी चूक आपली म्हणून भांडत होतो. शेवटी मुलगाच वैतागला. "कुणाची का आसंना, चूक हाय एवढं नक्की ना? मंग उतरवा गोण्या." जावयांनी पहिली गोणी खांद्यावर घेतली. टबाचं तिथंच मिटलं. आता तो गोठ्याशेजारी जमिनीवर बसणार आहे.

मिस्त्रीला पोचवायला मी रस्त्यापर्यंत गेलो. असं का केलंस, विचारलं. गाडीला किक मारत तो म्हणाला, "पावण्यांम्होरं कसं बोलायचं, मालक?"

मी तसाच माघारी आलो आणि व्याह्यांना एकटं गाठलं. सुपारीच्या दिवसापासून सगळं सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "घरामागं टेकूंचा ढीग व्हता. ताजं सिमेंट व्हतं त्यांच्या डोक्याला. आमी गाड्या तिथंच तर लावल्या व्हत्या."

"मग बोलला का न्हाई?"

"आमी पावणं. आमी कसं बोलायचं?"

माझं तोंडी सांगणं घरात कुणी धरत नाही, म्हणून लिहितो. मिस्त्रीनं सिमेंटात काही कमी केलं नव्हतं. टेकू मी काढले. हा कागद गावात कुणालाही दाखवावा, पावण्यांसमोरही वाचावा.