जपानी नानांची घागर

आमचे जपानी नाना फार सुरेख मरायचे. थट्टा नाही करत. अमळनेरला आमच्या घरी ते राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन वर चाललो होतो. बघतो तर हा सत्तरीच्या घरातला माणूस जिन्यात डोकं खाली, पाय वर असा पडलेला. डोळे उघडे, तोंड वासलेलं, एक हात छातीवर. माझ्या हातातला कप कुठे गेला ते मला आजही सांगता येत नाही. "आक्का, धाव! पाहुणा गेला!" अशी मी आरोळी ठोकली. ऐंशी ओलांडलेली माझी आई पिठाच्या हातांनी धावत आली. तेवढ्यात प्रेत उठून बसलं, कमरेत वाकून त्याने आम्हा दोघांना नमस्कार केला आणि हसून म्हणालं, "रियाज." शूटिंगवाल्यांनी दिलेल्या दुभाष्या मुलीने त्याला आदल्या रात्री म्हणे दहा शब्द शिकवले होते, त्यातला हा एक.

नाना जपानमधले नट. तिकडच्या कुठल्याशा टीव्ही मालिकेचं शूटिंग आमच्या गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चाळीस दिवस चाललं होतं. कापसाच्या गावात यंत्रं बसवायला आलेला एक जपानी म्हातारा इथेच राहतो आणि इथेच मरतो, अशी काहीतरी गोष्ट होती. त्यातली चार मराठी वाक्यं शिकवायला निवृत्त मराठी मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. बाकी मंडळी जळगावच्या हॉटेलात उतरली. नानांनी मात्र हट्ट धरला, मास्तरांच्या घरी राहतो, म्हणजे भाषा कानावर पडेल. नाव त्यांचं लांबलचक होतं, आक्काच्या जिभेवर काही बसेना. तिने पहिल्याच दिवशी त्यांना नाना करून टाकलं.

विशीत भातशेतीचं गाव सोडून ते क्योटोच्या एका स्टुडिओत हिरो व्हायला गेले. उंची कमी भरली. त्यांच्या हातात लाकडी तलवार दिली आणि सांगितलं, पड. तिकडच्या तलवारीच्या सिनेमात हिरो एकटा वीस जणांना कापतो, तर ते वीस जण कोणीतरी व्हायलाच हवेत ना! नाना चाळीसेक वर्षं त्या वीस जणांत होते. पालथं पडायचं, म्हणजे तोंड दिसत नाही आणि पुढच्या प्रसंगात पुन्हा मरता येतं. तलवारीचे सिनेमे आटले तेव्हा टीव्हीत आले. तिथे बुडालेला कारकून, दवाखान्यातला शेवटचा पेशंट, पोलिसांच्या मालिकेत पहिल्याच मिनिटाला सापडणारं प्रेत. पडद्यावर पहिल्यांदा नाव आलं तेव्हा केस पांढरे झाले होते. हे सगळं ते दुभाष्या मुलीकरवी असं सांगायचे, जसे आमचे शाळेतले सहकारी आपल्या बदल्या सांगतात. "हिरो उभा दिसतो, कारण मी नीट पडतो," असं एकदा म्हणाले आणि पुन्हा वरण वाढून घेतलं.

त्यांच्या आईने मात्र त्यांचा एकही सिनेमा पाहिला नाही. टीव्हीवर लेक दिसला की ती उठून अंगणात जायची. पोटच्या पोराला रोज मरताना कोण बघेल? हे दुभाष्या मुलीने आक्काला सांगितलं आणि आक्काने डोळ्याला पदर लावला. तेव्हापासून शूटिंगहून आले की आक्का नानांना उंबऱ्यावर उभं करायची, मीठ-मोहऱ्या ओवाळायची आणि चुलीत टाकायची. पहिल्यांदा ओवाळलं तेव्हा नाना जागच्या जागी थिजले. मग त्यांनी खिशातून कागदाची एक छोटी पुडी काढली. उघडली, तर आत मीठ! त्यांच्याकडे म्हणे मेलेल्याचं काम करणाऱ्या नटाला काम संपल्यावर मीठ देतात, अंगावर टाकून घ्यायला, मरण चिकटू नये म्हणून. आक्का त्या पुडीकडे बघतच राहिली. मग मला म्हणाली, "देख, तठेबी मीठ शे." तठे म्हणजे तिकडे. तिच्या लेखी तो माणूस त्या क्षणी परका राहिला नाही.

माझ्या शिकवणीचं काय झालं म्हणता? नाना दिवसभर स्वयंपाकघरात. मी वरच्या खोलीत फळा टांगून "आहे, आहेत" घोकून घेतोय, आणि हा गडी खाली जाऊन आक्काकडून अहिराणी उचलतोय. शूटिंगच्या दिवशी कॅमेरा सुरू झाला, नाना यंत्रावर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हाई बठ्ठं मन्हं शे." हे सगळं माझं आहे! माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहा दिवस घोकून घेतलेलं वाक्य कुठे गेलं? जिनाच्या फाटकाशी जमलेल्या गावकऱ्यांनी मात्र अशा शिट्ट्या मारल्या की दिग्दर्शकाने तेच वाक्य ठेवलं. मी दोन दिवस नानांशी बोललो नाही.

चाळीस दिवसांनी निघताना आक्काने त्यांना बजावलं, "आखाजीले ये." आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. हा जपानी म्हातारा पुढच्या आखाजीला लेकीसारखा खरंच येऊन उभा राहिला! पुरणाचे मांडे आणि आमरस असा जेवला की विचारू नका. त्याच दिवशी त्यांनी घागर पाहिली. आखाजीला आम्ही गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतो, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतो, नाव घेऊन जेवू घालतो. मी माझ्या वडिलांची घागर भरली. नाना सगळं एकटक बघत होते. बायको नाही, मूल नाही, भाऊ कधीच गेलेला. थोड्या वेळाने आक्काला म्हणाले, "मन्ही घागर कोन भरी?" आक्का उसळलीच. "मेल्या, सणासुदीचं काय बोलस? पहिले मी जासू, मंग तू." पण नाना हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "भरसूत रे. आम्ही भरसूत."

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. पांढऱ्या फुलांची रास, मधोमध नानांचा फोटो, त्याला काळी फीत. काळ्या कपड्यांतली माणसं एकेक करून वाकत होती, एक बाई हमसाहमशी रडत होती. खाली एक अक्षर नाही. नानांना फोन लावला, बंद. दुभाष्या मुलीला लावला, नंबर बदललेला. व्हिडिओ नानांच्याच नंबरावरून आला होता, पण मी शहाण्याने असं धरून चाललो की त्यांच्या कोणा नातलगाने पाठवला असेल. तीस वर्षं पोरांना "नीट वाचा, मग उत्तर लिहा" सांगणारा मी! आक्काला सांगितलं. ती उठली आणि डोक्यावरून अंघोळ केली.

मग सगळं रीतसर. गल्लीतल्या बाया दारावर आल्या. दहाव्याला बोरी नदीवर मी मुंडन केलं, पिंड ठेवला. आणि कावळा काही शिवेना. अर्धा तास, तास. "नाना, आक्काला मी सांभाळीन" म्हणालो. "नाना, तुमची घागर भरीन" म्हणालो. झाडावर पाच कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ! शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मी घरी येऊन आक्काला खोटंच सांगितलं, लगेच शिवला म्हणून.

आखाजी आली. वडिलांच्या घागरीशेजारी दुसरी घागर ठेवली. तिच्यामागे जिनात काढलेला नानांचा फोटो. आक्काने स्वतः मांडे केले होते. मी हात जोडून नानांचं ते लांबलचक नाव घेतलं आणि बाहेर रिक्षा थांबली. दारात बॅग घेऊन नाना उभे.

काय सांगू! घागरीला धक्का लागून पाणी सांडलं. आक्का भिंतीला टेकून उभी राहिली, तिच्या हाताला मिठाचं भांडं लागलं, त्यातलं मूठभर मीठ तिने नेम धरून नानांच्या तोंडावर फेकलं. आणि ओरडली, "तू त मरेल शे ना रे?"

नाना मीठ पुसत म्हणाले, "मरेल शे. पन टीव्हीमा."

मग उलगडा झाला. पन्नास वर्षं मरत आलेल्या ह्या माणसाचा कुठल्याही गोष्टीत कधी अंत्यविधी झाला नव्हता. रस्त्यात मेला की कॅमेरा हिरोबरोबर पुढे जायचा. व्हिडिओतल्या मालिकेत पहिल्यांदाच त्यांच्या मरणाला फुलं होती, फोटो होता, रडणारी बाई होती. सगळ्यात मोठं काम! ते कौतुकाने घरी दाखवावं म्हणून पाठवलेलं. आणि पाठवून हा गृहस्थ दूरच्या बेटावर दुसऱ्या शूटिंगला गेला, फोन घरी विसरून. परत आल्यावर आमचे फोन दिसले, पण आखाजीला जायचंच आहे, तेव्हा समोरच बोलू, असं त्यांनी ठरवलं.

मी भडकलो. "लाज नाही वाटत, नाना? मी मुंडन केलं तुमच्यासाठी!" ते माझ्या डोक्यावरच्या खुरट्या केसांकडे बघू लागले, मग फोटोकडे, मग घागरीकडे. आणि मटकन खाली बसले. त्यांचं ते पडणं रियाजातलं नव्हतं. "माले कोनी इतलं रडनं नही," माझ्यासाठी इतकं कोणी रडलं नाही, एवढंच बोलले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. आक्काने जवळ जाऊन आधी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, मग डोकं छातीशी धरलं. घागरीला दाखवलेलं ताट परत स्वयंपाकघरात नेता येईना, तेव्हा ते तिने त्यांच्याचपुढे सरकवलं. आपल्याच नावाचं जेवण नाना रडत रडत जेवले. मी कावळ्याची खरी गोष्ट तेव्हा कबूल केली. "कावळाले समजनं, मास्तरले नही," आक्का म्हणाली.

त्याच दिवशी तिने त्यांच्या हातात मीठ ठेवून शपथ घातली, आता मरायचं बंद. अहो, ज्याचं पोट मरण्यावर, त्याला हे सांगायचं! मी मध्ये बोलायला गेलो, तर माझ्यावर डोळे वटारले. नानांनी मूठ मिटली आणि मान हलवली. आणि पाळली की हो शपथ! परत जाऊन सरळ सांगून टाकलं, यापुढे मरणार नाही. कित्येक महिने कोणी काम दिलं नाही. मग सकाळच्या एका मालिकेत छत्र्या दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं काम मिळालं. नुसतं दुकानात बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं, जिवंत राहायचं. आयुष्यभर ज्याचं तोंड कोणी पाहिलं नाही, त्याला रस्त्यात पोरं आजोबा म्हणून हाका मारू लागली. रोज सकाळी नाना मालिकेतला मिनिटभराचा तुकडा मला पाठवायचे. आक्का तो बघायची, "जिवत शे," म्हणायची आणि मगच चहाचा कप तोंडाला लावायची.

यंदा माघात दुभाष्या मुलीचा फोन आला. नवा नंबर, पण आवाज ओळखीचा. "सर, नाना गेले. झोपेतच." मी म्हणालो, "कुठल्या मालिकेत?" मी पुन्हा विचारलं, "बाई, मला नीट सांग, हे मालिकेतलं आहे ना?" तिकडून रडण्याचा आवाज आला. "सर, नाही हो." तरी माझा विश्वास बसला नाही. शपथ घेतली होती ना माणसाने! अजून दोन ठिकाणी विचारून घेतलं. तिन्ही ठिकाणी उत्तर तेच.

आक्काला सांगायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनमधला जुनाच तुकडा लावून दिला. तिने पाहिला, "जिवत शे" म्हणाली, चहा घेतला. तिसऱ्या दिवशी दुसरा जुना. असे अडीच महिने मी माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आईला रोज सकाळी फसवत राहिलो, आणि रोज तो चहा पिताना तिच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

आखाजीच्या सकाळी मी वडिलांची घागर मांडली. एकच. आक्का आली, बघितलं आणि म्हणाली, "दुसरी कोठे शे?"

"दुसरी कोणाची, आक्का?"

"मी काय आंधयी शे? तीच छत्री, तीच बाई, तोच पाऊस. कितला दिवस दावशी?" तिच्या आवाजात राग नव्हता. मी मान खाली घातली. मला रडू आवरेना. ती कोपऱ्यातून दुसरी घागर घेऊन आली. तिने ती आधीच आणून ठेवली होती. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "भर. त्या साली भरी, तव्हय तो दारमा उना व्हता." उना म्हणजे आला.

मी घागर भरली. डांगर ठेवलं, आंबे ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या. नानांचं लांबलचक नाव मोठ्याने घेतलं. आक्का मुठीत मीठ घेऊन दारासमोर बसली. तिन्ही ठिकाणी विचारून खात्री केलेला मीही तिच्या शेजारी बसलो. गल्लीत एक रिक्षा आली, आमच्या दारावरून पुढे गेली. आम्ही दोघंही अर्धवट उठलो होतो, पुन्हा बसलो.