लेकीवर अवलंबून असल्याचा कागद

आदिलाबादेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. कामांची यादी केली की अर्धं काम झालं, असं मानणारी मी बाई. बाबांच्या हृदयाची झडप निकामी होत चालल्याचं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही परतीच्या गाडीत मी यादी केली. पहिलं काम : माझ्या सरकारी आरोग्य कार्डावर बाबांचं नाव चढवणं. ऑपरेशन त्यावरच होणार होतं. त्यासाठी बाबांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत एक वाक्य लिहून सही करायची होती. 'मी सर्वस्वी माझ्या मुलीवर अवलंबून आहे,' असं.

आई गेल्यापासून बाबा इचोड्याच्या पुढे आमच्या गावात एकटेच राहत. मी त्यांची एकुलती. पण लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही, ही त्यांची रीत. माझ्याकडे येताना पिशवीत ज्वारीचं पीठ आणि डाळ आणायचे. भाकरी त्याच पिठाची. पीठ संपायच्या आत परत निघायचे. या खेपेला मी डॉक्टरांचं नाव सांगून त्यांना अडवून ठेवलं होतं.

योगायोगाने त्याच आठवड्यात वर्गात अवलंबून असण्याच्याच शब्दांचा धडा चालू होता. डिपेंड, रिलाय, लीन, सगळ्यांपुढे 'ऑन'. मराठीत 'वर', तेलुगूत 'मीद', त्यामुळे आमच्या पोरांना ते सोपं जातं. अडतात ती 'लिव्ह ऑफ'पाशी. एखाद्याच्या जिवावर जगणं म्हणताना इंग्रजीला 'ऑफ' का लागतो, ते त्यांना कळत नाही. मी सांगते, झाडावरून फळ तोडून घ्यावं, तसं दुसऱ्याचं काढून खाणं. वर्गातला, मराठी अर्थ लिहिलेला तक्ता मी बाबांपुढे ठेवला. अर्थ समजावून सही घ्यावी, एवढाच हेतू.

त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला.

"यातला सगळ्यात हलका कोणता वं?"

"'लिव्ह विथ'. सोबत राहणं. त्यात कोणाचा भार कोणावर नाही."

"मंग तेच लिहितो ना."

"ते चालत नाही, बाबा. त्यांना 'डिपेंडंट ऑन'च पाहिजे."

"काऊन? इंग्रजीत बाप लेकीच्या उरावरच बसते का?" मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "जावईबापू, तुमीबी खाली दस्तखत करा. सासरा पोसून राह्यलो म्हना."

आम्ही दोघं हसलो. बाबा हसले नव्हते, हे मला फार नंतर आठवलं.

चार दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. मी रोज सकाळी विचारायचे, मुलांना गृहपाठ विचारावा तसं. शनिवारी त्यांचं पीठ संपलं. रविवारी त्यांनी एकेक अक्षर जुळवत वाक्य उतरवलं, सही केली. "घे. झालं तुह्यं काम." सोमवारी चहासुद्धा न घेता ते पहिल्या बसने गावी गेले.

कार्ड आलं. नागपूरची तारीखही मिळाली. फोन केला की म्हणायचे, "कापूस वेचून होऊ दे, माय." मग तूर निघाली. मी दोनदा तारीख पुढे ढकलून घेतली. शाळेत सराव परीक्षा होत्या, म्हणून गावी काही गेले नाही.

बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला तोवर बाबा अंथरुणाला खिळले होते. नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या. मी त्यांना गावी नेलं.

तिथे आम्हाला अकरा दिवस मिळाले. मी त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले, पेज भरवली. त्यांनी एकदाही हात आडवा केला नाही. घर त्यांचं होतं, चुलीवरची ज्वारी त्यांची होती. उलट मी वाटी घेऊन उठले की विचारायचे, "तू जेवली का वं? बरणीत लोणचं हाय, घे." तोंड उघडायला त्रास व्हायचा, तरी मला वाढून घ्यायला लावायचे.

अकराव्या दिवशी सकाळी, पेज शिजत असताना ते गेले.

माझी हक्काची रजा तेव्हाही शिल्लक होती, आजही आहे. कापसाच्या दिवसांतच मी ती काढून गावी राहायला गेले असते, तर बाबांनी मला नाही म्हटलं नसतं. त्यांची भाकर खाऊन आम्ही दोघं तिथूनच नागपूरला निघालो असतो. मला ते सुचलंच नाही.