बिनसिमेंटचा खुबा

चाकणच्या आमच्या कंपनीत खुब्याचे कृत्रिम सांधे बनतात, बिनसिमेंटचे. टायटॅनियमचा दांडा आणि त्यावर खडबडीत लेप. लेपाच्या बारीक छिद्रांत हाड वाढत जातं आणि सांधा पक्का बसतो. या नोकरीआधी मी मोटारसायकलींचे भाग करायचो, तिथे चकाकी म्हणजे इभ्रत. इथे खडबडीतपणा किती हवा यावर आम्ही डोकेफोड केली. लेप सुटला की दांडा भंगारात आणि पुन्हा नवी चाचणी.

एवढं करून, खुबा झिजलेला असूनही, माझीच आई शस्त्रक्रियेला तयार नव्हती. निघोज्यात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या तिने स्वतः उभं राहून बांधून घेतलेल्या. सिमेंटशिवाय काही टिकतं, हे तिला ब्रह्मदेवाने सांगितलं असतं तरी पटलं नसतं. दुखणं मात्र इतकं वाढलं की तिला अंगणातही येता येईना. भाडेकरू तेवढे सुखात होते. शेवटी मी एक बाद दांडा तिच्या हातात ठेवला. म्हटलं, गिलावा धरावा म्हणून गुळगुळीत कॉलमवर छन्नीने खाचा पाडतात ना, तसंच हे. तिने नखाने खरवडून पाहिलं आणि तयार झाली. सांधा आमच्याच कंपनीचा बसला.

पण मी जरा जास्तच पटवलं होतं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाई वॉकर घेऊन आल्या, तर आई उठेचना. ताज्या कामावर कोणी भार टाकतं का, स्लॅबचं सेंट्रिंग लगेच काढतात का, असं तिने त्यांनाच सुनावलं. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अशाच पडून राहिल्या तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतील. मी घाबरलो. डॉक्टरांनी समजावलं, माझ्या बायकोने समजावलं. आई छताकडे बघत पडलेली.

मग मी फोन कानाला लावला आणि मोठ्याने म्हणालो, "कुठं? नव्या गिलाव्यावर? ड्रिल मारतोय?"

आई उठून बसली. बाईंनी पुढे केलेला वॉकर तिने जवळजवळ हिसकावून घेतला आणि भाडेकरूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती दारापर्यंत पोचली. तिथे तिला माझ्या हातातला फोन दिसला. तो बंद होता.

आजवर मी एवढे खुबे बनवले, पण त्यातला एकही चालताना पाहिला नव्हता. मला रडूच आलं.

"खोटं बोलतोस, वर रडतोस व्हय?" आई म्हणाली. "सर बाजूला. मला जाऊ दे."