माठाखालची रेती

मथुराबाईची कोथिंबीर चार-चार दिवस मान टाकायची नाही. जैनथच्या बाजारात बायका विचारायच्या, "काऊन वं, मंतर मारतं का?" ती नुसती हसायची. मंतर एवढाच, की माठाखालच्या ओल्या रेतीत जुड्या रोवायच्या आणि वरून झाकायच्या नाहीत. भाजी कोंदली की सडते, हे तिचं शास्त्र. मी तिचा शेजारी. तिच्या गोष्टी सांगायला बसलो तर माझा चहा निवतो. पण ही एकोणनव्वद सालची सांगितलीच पाहिजे.

तिचा डावा डोळा लहानपणीच देवीनं नेला होता. उजव्यात मोतीबिंदू आला, त्याचं शाळेतल्या शिबिरात ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तशी डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली. म्हणाले, थंड जागी ठेवा. आता तिच्या रेतीहून थंड जागा गावात होती कुठं? तिनं टोपण काढलं आणि बाटली उलटी करून रेतीत खोवली.

"काकू, टोपण काऊन काढलं?"

"औषध कोंदन ना, येड्या!"

आणि मला ते पटलं, बरं का!

तिच्या धाकट्या दिराचं, फकिराचं ऑपरेशन तिच्यानंतर आठवड्यानं झालं. त्याला आधीच देऊन ठेवलेली बाटलीही तिनं हौसेनं मागून घेतली.

थेंब घालायला लागल्यापासून पाचव्या दिवशी मथुराबाईचा डोळा लाल झाला. सहाव्या दिवशी बुबुळावर पेजेसारखं पांढरं आलं. मी तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पू तपासायला घेतला. दोन दिवसांनी आले ते हळू आवाजात बोलले, "हे ओल्या मातीतले जंतू. डोळ्यात मी कधी पाहिले नव्हते. बाटली कुठं ठेवली होती?"

मी सांगितलं. ते खाली बसले. डोळा वाचणार नव्हता.

मथुराबाई रडली नाही. चाचपत तिनं माझं मनगट धरलं. "डोमाजी, आज वार कोनता?"

"बुधवार."

"फकिराची पट्टी आज सुटते. त्याची बाटली माह्याच रेतीत हाय. पळ!"

बस त्या दिवशी इतकी रांगली, की मी उतरून ढकलली असती. ओसरीत फकिरा मान मागं टाकून बसलेला, त्याच्या सुनेच्या हातात रेतीतून काढलेली बाटली. अंगणातूनच मी ओरडलो, धावत जाऊन तिच्या हातावर फटका मारला. बाटली फरशीवर फुटली.

"लेका, माह्यं औषध सांडलं!" फकिरा खवळला. त्या सांडलेल्या पाण्यात रेतीचे दोन कण होते. मी बोट दाखवलं, तसे त्यानं पाय मागं ओढले.

पुढं अकरा वर्षं मथुराबाई हातानं चाचपून जुड्या बांधायची. रेती तिनं स्वतः उपसून टाकली होती. रोज सकाळी एक जुडी दिरापुढं धरायची.

"पाह्य बरं, मान टाकली का?"

फकिरा डोळ्याजवळ नेऊन बघायचा. जुडी सुकलेली असायची.

"नाही वहिनी, हिरवीगार हाय."