वीस किलोचं वजन

खामगावच्या मार्केट यार्डात सहदेवभाऊंनी तीस वर्षं मापारी म्हणून काटा धरला, पण त्यांच्या मापावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. त्यांची लेक सारिका कॉम्प्युटर शिकली आणि वळणाचं पाणी वळणाला गेलं. तीही वजनकाट्याचेच प्रोग्राम लिहायला लागली.

तिला शिकवलं प्रेमानंद सरांनी. सर भारी शिस्तीचे. कोडच्या प्रत्येक ओळीवर मराठीत टीप लिहायला लावायचे. "मागून येणाऱ्याला कळलं पाहिजे, तू काय केलंस आणि का केलंस." पुढे दोघांनी मिळून धंदा काढला. प्रोग्राम सारिका लिहायची. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, कॉम्प्युटरवरच सर तो तयार करून बसवायचे. सर म्हणाले, "प्रत्येक मालकाची मागणी वेगळी. बिल्ड स्क्रिप्टमध्ये माझ्यासाठी जागा ठेव." लिहिलेल्या कोडमधून चालता प्रोग्राम तयार करणारी फाइल, ती ही बिल्ड स्क्रिप्ट. सारिकानं जागा ठेवली. सर तिथे जे लिहितील ते प्रोग्राम तयार होताना आपोआप चालायचं. कुणाला पावतीवर नाव मोठं हवं, कुणाला कुलदैवताचा फोटो. ती जागा सारिकानं कधी उघडून पाहिली नाही. गुरूची झडती कोण घेतं?

यंदा गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये गाड्या मोजायला त्यांचा काटा बसला. सहदेवभाऊंनी आपलं जुनं वीस किलोचं वजन ठेवून पाहिलं. बरोबर वीस. त्यांनी जमलेल्या शेतकऱ्यांना सांगून टाकलं, "बिनधास्त आणा गाड्या. माह्या पोरीचा काटा हाये."

पंधरा दिवसांनी गीताबाई दारात उभी राहिली. तिनं कापसाची गाडी आधी दुसरीकडे मोजून घेतली होती.

"भाऊ, तुमच्या पोरीच्या काट्यानं अठरा किलो खाल्ले. तुमच्या शब्दावर आली व्हती मी."

सारिका तडक जिनिंगच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसली. आपला कोड ओळ न् ओळ तपासला. स्वच्छ. मग पहिल्यांदाच तिनं सरांची जागा उघडली. तिथे चार ओळी होत्या आणि प्रत्येकीवर टीप. काय म्हणावं या माणसाला! पाप करतानाही शिस्त सोडली नाही.

'दहा क्विंटलच्या वर गेल्यास क्विंटलमागे एक किलो कमी. त्याखाली अचूक, कारण भाऊ वीस किलोनं तपासतात.'

आणि शेवटची: 'प्रोग्राम तयार होताना वजनाच्या फाइलमध्ये बदल, झाल्यावर मूळ फाइल परत जागेवर. सारिकाला दिसू नये.'

चोरी मालकासाठी असेल, पण ही ओळ खास तिच्यासाठी होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. तिनं फोन लावला, तर सर शांतपणे म्हणाले, "मालक मोठं गिऱ्हाईक आहे. आणि जागा तूच ठेवली होतीस ना?"

घरी येऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं. सकाळी वीस किलोचं वजन खांद्यावर घेऊन ते जिनिंगच्या फाटकात जाऊन उभे राहिले.

"भाऊहो, गाड्या वापस न्या. काटा तपासाले मी चुकलो. माह्या शब्दावर आता भरोसा ठेवू नका."

ना सरांचं नाव, ना तिचं. सारिकाला राहवेना. ती पुढे झाली. "बाबा, तुमी काऊन चुकलात? प्रोग्राम माहा हाये."

सहदेवभाऊंनी वजन खाली ठेवलं आणि तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्याचा काटा असता तं भरली गाडी चढवून पाह्यली असती मी. तुहा व्हता म्हनून वीस किलोवर थांबलो."