पाखरांची पंगत

धानाचा दाणा दातांत धरायचा, कट् असा आवाज आला की मगच धान वाळलं म्हणायचं. पिंजऱ्यापुढे जाण्याआधी खाकरायचं, पाखरं दचकू नयेत म्हणून. चहा बशीत ओतून आधी समोरच्याकडे सरकवायचा. आणि एकट्यानं जेवायचं नाही. घरी कोणी नसलं तर ताट घेऊन पडवीत यायचं, पाखरांच्या भांड्यात दाणे टाकायचे, मग आपला पहिला घास.

केशोरीच्या पुनाराम कापगत्यांच्या या सवयी आचलला पाठ होत्या. तिचं घर समोरच. मराठीत एम.ए. करून ती गोंदियाला परीक्षांची तयारी करत होती. सुट्टीला गावी आली की आधी काकांच्या पडवीत टेकायची, मग आईकडे जायची.

काका धानाचे शेतकरी. त्यांच्या पूर्वजांनी गावासाठी तलाव बांधले होते. काकांनी पडवीत पिंजरा बांधला. बांबूचा, जाळीचा, माणूस आत उभा राहील एवढा. त्यात हिरवे-पिवळे बजरीगर, चिमणीएवढे पोपट. गावात त्यांना लव्हबर्डच म्हणतात.

निळा बजरीगर आला तो बिरसीच्या विमानतळावरून. विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांचा स्वयंपाक काकांचा पुतण्या गजेंद्र करायचा. एक पोरगा शिकून गेला आणि पाखरू मागे ठेवून गेला. गजेंद्रनं ते काकांना आणून दिलं.

"नवा आहे, काही दिवस अलग ठेवा," रुख्माकाकू म्हणाल्या.

"पाहुन्याले अलग जेवाले बसवतेत का?" काकांनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

निळा दिवसभर खायचा. काका खूश. "लय खाते बापा! त्या बिरसीवाल्यानं उपाशी ठेवलं दिसते."

आचलनं एकदा त्याला हातात घेतलं. हातात वजनच लागेना. छातीचं हाड विळ्याच्या धारेसारखं वर आलेलं. खाली पसरलेल्या कागदावर विष्ठेत दाणे होते. जसे खाल्ले तसेच, अख्खे.

मग एक हिरवी मेली. मग तिचा जोडीदार. काकांनी कांगाचे, म्हणजे राळ्याचे, दाणे वाढवले. मरणारं पाखरूही शेवटपर्यंत भांड्यात चोच घालून असायचं.

डॉक्टरांना दाखवायला आचलनं विष्ठा प्लास्टिकच्या डबीत घेतली. काका हसले, पुष्कळ दिवसांनी.

"एवढी शिकली, अन् पाखराची शी घेऊन गोंदियाले जाऊन राहिली! बसमधी डबी दाखवू नको मास्तरीनबाई. कंडक्टर तिचंबी तिकीट फाडल."

गोंदियाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बारीक, लांब, सरळ काड्या. त्या काड्या म्हणजे एक प्रकारची बुरशी, डॉक्टर म्हणाले. ती जठरात वाढते. मग दाणा पचत नाही. पाखरू खात राहतं आणि उपाशी मरतं. विष्ठेतून दुसऱ्याला लागतं. एकमेकांना चोचीनं भरवतात, त्यातूनही लागतं. जी धडधाकट दिसतात त्यांच्या पोटातही असेल. औषध दोन वेळा चोचीत घालायचं आणि प्रत्येकाला वेगळं ठेवायचं.

हे सगळं तिनं पडवीत सांगितलं.

"म्हंजे मीच जेवाले बसवलं, म्हून मेले," काका म्हणाले.

आचलनं औषधाची बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

रुख्माकाकू आतून आल्या. "आता बसून काऊन राहिले? कामट्या फाडा."

काकांनी बांबू फाडला. प्रत्येक पाखराला छोटा पिंजरा केला. पुढच्या खेपेला आचल आली तेव्हा पडवीत पिंजऱ्यांची रांग होती. मध्ये थोडं थोडं अंतर, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, सगळ्यांची भांडी पुढ्यात.

"हे काय काका?"

"पंगत. अलग त अलग. पर एकटं कोनी नाही."

ते एका टोकापासून वाढत जायचे. शेवटच्याचं भांडं भरलं की म्हणायचे, "हं, होऊ द्या सावकाश." मग स्वतः ताटावर बसायचे. पाखरं कधीच खायला लागलेली असायची. पण काकांचा क्रम मोडला नाही.

जेवणाआधी औषध, औषधाआधी हात धुणं. एकेक पाखरू सावरलं. डॉक्टर एकेकाची डबी तपासून मोकळं करत गेले. निळा तेवढा राहिला. त्याच्या विष्ठेत काड्या दिसतच राहिल्या.

मोठा पिंजरा रिकामाच होता. काकांनी तो घासला, उन्हात टाकला, त्याला चुना मारला. पाखरं बसायच्या जुन्या फांद्या जाळल्या. गजेंद्र म्हणाला, "बाकीच्याइले त सोडा आतमंदी."

"सगळे संगच जातीन. नाही त कोनीच नाही."

त्या आठवड्यात आचलनं नेलेली निळ्याची डबी डॉक्टरांनी पुन्हा तपासली. काच सरकवून सरकवून बघितली. "एकही नाही," म्हणाले. "सोडा आता."

आचलनं फोन केला नाही. तिला काकांचा चेहरा बघायचा होता. कोहमाऱ्याला बस बदलली. खिडकीशी बसून ती मनात वाक्य जुळवत होती. साधं हवं. "काका, निळा पंगतीतून उठला." नाही. "काका, दार उघडा." हेच बरं.

केशोरीत उतरली तर काकांच्या अंगणात माणसं उभी होती.

गजेंद्र पुढे आला. "काका सकाळी धानाच्या बांधीत गेलते. काठच्या धुऱ्यावर बसले, अन् उठलेच नाहीत."

ती पडवीत गेली. भांड्यांत नुसती टरफलं उरलेली दिसत होती. हात धुतले. एका टोकापासून दाणे वाढत गेली. निळ्याचं भांडं शेवटी. तो धावत पुढे आला.

"होऊ द्या," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मग तिला मोठा पिंजरा दिसला. काकांनी जांभळाच्या ताज्या फांद्या तोडून आणल्या होत्या. डाव्या बाजूला त्या बांधून झाल्या होत्या, साल घासून, गाठी आत वळवून. उजव्या बाजूला जाळीला सुतळ्या बांधून ठेवल्या होत्या, नुसत्याच. बाकीच्या फांद्या खाली होत्या. वर विळा ठेवलेला.