चिठ्ठीकाकांचा लाल मकाव

अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये माझी नोकरी टिकली ती चिठ्ठीकाकांमुळे. हे आधी सांगते, माझी चूक मग.

मी नववीत शाळा सोडलेली. इथल्या संग्रहालयात पक्ष्यांच्या खोलीची साफसफाई करते. काका मूळ नागपूरचे, रिटायर्ड प्रोफेसर, तिथे हौसेने पक्ष्यांच्या नोंदी बघायला यायचे. मेलेल्या पक्ष्याच्या पायाला बांधलेली, तो कुठला-कधीचा ते सांगणारी चिठ्ठी वाचल्याशिवाय ते पक्ष्याकडे बघायचे नाहीत. "आधी पत्ता, मग रूप," म्हणायचे.

त्यांचा जीव होता क्यूबाच्या एका मकाववर, म्हणजे मोठ्या पोपटावर. अंगात कापूस भरलेला, लाल, पंख निळे, मानेवर पिवळा. "अगं, ताडाच्या टणक बिया फोडायचा हा. ढोलीत राहायचा. लोकांनी मारून खाल्ला, पिंजऱ्यात घातला, संपवला. जगात आता मोजकेच, असे ट्रेमध्ये पडलेले. आणि कुठल्या रानातला, ते कोणी धड लिहिलं नाही."

एकदा मोठे पाहुणे यायचे होते. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की तसबिरीवरचा सुकलेला हार आधी निघतो. मकावची मळकी चिठ्ठी मी तशीच कापली. अक्षरं नव्या कागदावर उतरवून तो बांधला, जुनी चिठ्ठी कचऱ्यात.

काकांनी पाहिलं. "अक्षर सुरेख आहे गं. जुनी कुठाय?"

मी कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. ते ओरडले नाहीत. स्वेटरच्या बाह्या सारून कॉफीचे कप, ओले कागद उपसत बसले. चिठ्ठी सापडली. मागे फिकट पेन्सिलीची एक ओळ होती, मी पाहिलीच नव्हती. पिंजऱ्यात मेला, एवढंच.

"संग्रहालयाच्या मॅडमना तूच सांगायचंस. मी शेजारी उभा राहतो."

"काका, काढतील हो मला!"

"काढू देत. लपवलेलं रोज खातं, त्याचं काय?"

मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. काकांनी एक शब्द सुधारला नाही. मॅडम खूप बोलल्या, पण ठेवलं.

आता काका इथून लांब, प्लेनो शहरात लेकीकडे असतात. आठवण सुटत चाललीय. दर रविवारी फोनवर विचारतात, "तू कुठली गं?"

"चिठ्ठी कचऱ्यात टाकणारी, काका."

हसतात. "लिहून ठेव हं."

कामावरून आलं की पाठ टेकवत नाही इतकी दुखते, तरी रोज चार ओळी लिहितेय. काका, एक दिवस प्लेनोला येईन. तुम्ही कोण, कुठले, काय केलंत, सगळं तुमच्याशेजारी उभी राहून वाचून दाखवीन. मागच्या ओळीसकट.